कोंबडीला रिव्हर्स नव्हता

कोंढ्याचा भोजराज तुमसरकडच्या बाजारात हेला घ्यायला गेला आणि मोटार घेऊन परत आला. घरी रोवणीच्या चिखलात राबायला रेडा हवा होता, आणि आलं काय, तर तीन चाकांचं, पांढऱ्या फायबरचं, टोकदार नाकाचं एक प्रकरण. आत दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढीच जागा. मॅंगनीजच्या खाणीतला कुणी दक्षिणेकडचा साहेब बदली होऊन निघाला होता. त्यानं ती गाडी कधीकाळी हौसेनं आणली होती आणि आता तिला कुणी फुकटातही हात लावत नव्हतं. अशा अडल्या माणसाकडे देव एखादा भोजराज पाठवून देतो.

भोजराजची बायको चंद्रकांता अंगणात आली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकं मोजली, पुन्हा मोजली.

"याले दावं कुठं बांधू जी?" एवढंच तिनं विचारलं.

भोजराज हसला. ते हसू त्याला पुढं बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरावं लागलं.

गाडी कुठल्या कंपनीची, हे कुणालाच कळलं नाही. नाकावरची नावाची पट्टी कधीच गळून पडली होती, आणि कारखानाही तिच्याआधीच गळाला असावा. पवनीच्या मिस्त्रीनं झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं आणि भोजराजला चहा पाजला. डॉक्टरनं हात टेकल्यावर नातेवाइकांशी गोड बोलावं, तसा. पण इंजिन होतं स्कूटरच्या जातीचं, म्हणून ते कसंबसं चालू राहिलं. सुरू होताना गाडी मान हलवायची आणि कटर-कटर करायची. पांढरी, टोकदार आणि वर कटकट करणारी. गावानं बारसं लगेच उरकलं. भोजराजची कोंबडी.

कोंबडीला रिव्हर्स नव्हता. बिघडला होता असं नाही, बनवणाऱ्यानं दिलाच नव्हता. त्याऐवजी मागं एक लोखंडी मूठ बसवून दिली होती. गाडी फिरवायची झाली की खाली उतरायचं, मूठ धरून मागचं एकुलतं चाक उचलायचं आणि सगळी गाडी गर्रकन वळवायची. भोजराज धानाचे कट्टे पाठीवर वाहणारा गडी, त्याला हे जड नव्हतं. शिवाय रेणू होती. शाळेतून आली की दप्तर फेकून ती बापाबरोबर चक्कर मारायला निघायची, आणि गल्लीच्या टोकाला पोचलं की दोघं उतरायचे. बाप डावीकडून, लेक उजवीकडून. "हं बाबा, उचल!" असं रेणू ओरडायची आणि कोंबडी तोंड फिरवायची. गाव दारात उभं राहून बघायचं. तिकीट नव्हतं, म्हणून गर्दी बरी असायची.

पुढं हातात मोबाइल आला आणि भोजराजला कोंबडीचे भाऊबंद सापडले. साऱ्या जगात वेडे पसरलेले आहेत हे कळून त्याचा ऊर भरून आला. इंग्लंडजवळच्या एका बेटावर एका माणसापुरती गाडी निघाली होती. तिलाही रिव्हर्स नाही, मागं मूठच. एका देशात लोखंडी सांगाड्यावर कापड ताणून गाडी करत. जर्मनीत कापसाच्या टाकाऊ धाग्यांत राळ घालून पत्रा बनवत. तिथंच एक गाडी सरळ पाण्यात उतरायची. आणि आणखी एकीत पुढची नि मागची सीट एकमेकींकडे पाठ करून होती.

"हे चांगली आहे," ती शेवटची बघून चंद्रकांता म्हणाली. "असलीच आनाची होती. तोंड तं पाहा लागलं नसतं."

ती स्वतः कोंबडीत कधी बसली नाही. माहेरी जायचं तर यष्टीनं, पवनीच्या बाजाराला जायचं तर यष्टीनं. माणसानं आपली इज्जत तिकीट काढून सांभाळावी, असं तिचं मत होतं.

तर अशी ही टिंगलीची गाडी देवघरात कशी गेली, त्याची गोष्ट भैयाजींपासून सुरू होते. भैयाजी म्हणजे गावचे माजी सरपंच. सरपंचपद गेलं होतं, पण आवाज अजून पदावरच होता. त्यांच्या गुड्डीचं लग्न झालं तेव्हा बिदाईला नागपूरहून भलीमोठी गाडी मागवली होती. मंडपातून निघाली आणि वळणावर तणसानं भरलेली बैलबंडी आडवी आली. ड्रायव्हरनं गाडी चार हात मागं घेतली. म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले. आमच्याकडे नवरीची गाडी एकदा निघाली की मागं घेत नाहीत; बंडी उचलून बाजूला फेकावी, भिंत पाडावी, पण गाडी मागं नाही.

दिवाळीच्या आत गुड्डी परत आली. नवरा सकाळी चहाच्या वेळी दुसरंच काहीतरी प्यायचा आणि त्यानंतर भांडी फेकायचा. गावानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोष शोधून काढला: रिव्हर्स गियर.

"गाडी मांगं आली, म्हणून पोरगी मांगं आली," भैयाजी पारावर बसून म्हणाले. नवऱ्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. जावई शेवटी जावई असतो.

मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की जिला मागं जाताच येत नाही अशी गाडी गावातच उभी आहे आणि आपण तिच्यावर गोवऱ्या वाळवतो. पहिला आला इश्वर. भोजराजच्या बांधाला बांध लागून त्याचं शेत. त्याची रूपा कोंबडीत बसून मंडपातून गावच्या शिवेपर्यंत गेली, आणि शिवेवर मोठ्या गाडीत बदलली. चाकाखाली नारळ ठेवला होता, पण कोंबडीच्या वजनानं तो फुटेना. ती नारळावर चढली, डुलली आणि पलीकडे उतरली. शेवटी भोजराजनं खाली उतरून तो दगडावर फोडला. बाया म्हणाल्या, शुभ झालं.

रूपा परत आली नाही. तिच्यानंतरच्याही आल्या नाहीत. त्या सुखात होत्या की नव्हत्या, हे विचारण्याची पद्धत नव्हती. आल्या नाहीत एवढं पुरे होतं. लग्नसराईत कोंबडीला झेंडूच्या माळा, भोजराजच्या खांद्यावर दुपट्टा, पंगतीत पहिलं पान. ज्या माणसाला बघून लोक दारात हसायला जमत, त्याला आता लोक दारात बोलवायला येऊ लागले. माणूस चढायला एवढं पुरतं. भोजराजही चढला.

"आपल्या गाडीतून गेलेली पोरगी वापस येत नाही जी," असं तो मांडवामांडवांतून सांगत फिरला. सांगताना गाडीच्या टपावर हात ठेवायचा.

रेणूचं लग्न ठरलं ते बपेऱ्याला, थेट मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. व्याही हिरालाल धानाचे व्यापारी, मुलगा अनुप दुकान बघायचा. रेणू नर्सिंग शिकून पवनीत एका दवाखान्यात नोकरी करत होती. "आमच्या घरी सुनेले पूरी मोकळीक आहे," हिरालाल म्हणाले होते. ते खोटं नव्हतं. स्वयंपाकघर ते विहीर, एवढ्या सगळ्या प्रदेशात तिला मोकळीक होती. आपल्या लेकीसाठी भोजराज शिवेवर थांबला नाही. कोंबडी भंडारा, तुमसर, सिहोरा करत करत बपेऱ्याच्या दारापर्यंत नेली. आत जागा दोघांचीच, त्यात अनुपचे गुडघे कुठं मावणार, म्हणून नवरदेव पुढं स्वतःच्या गाडीत. रेणू बापाच्या शेजारी बसली होती आणि वाटभर रडत-हसत होती.

मग हळूहळू बातम्या येऊ लागल्या. आधी नोकरी सुटली, कारण सुनेनं बाहेर जाणं बरं दिसत नाही. मग मोबाइल सासूच्या कपाटात गेला, सुरक्षित राहावा म्हणून. भोजराज प्रत्येक वेळी म्हणायचा, "थोडं सांभाळून घे बाई." चंद्रकांता प्रत्येक वेळी त्याच्याकडे बघायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

एका पहाटे शेजारणीच्या फोनवरून रेणू बोलली. "बाबा, अनुपनं मारलं मले. घ्यायले या."

भोजराज फोन कानाला लावून उभा राहिला. वाईट एवढंच, की त्याला आधी रेणूचा चेहरा आठवला नाही. त्याला आठवले पुढच्या महिन्यातले दोन मांडव. ज्या गाडीतून पोरगी परत येत नाही, त्या गाडीवाल्याचीच पोरगी परत आली, तर? चंद्रकांतानं फोन ओढून घेतला, लेकीचं सगळं ऐकलं, आणि ठेवून दिला.

"दोन बिदाया ठरल्या आहेत," भोजराज पुटपुटला. "लोक का म्हनतील?"

"लोकाइनं म्हनावं म्हनून पोरगी पैदा केली होती का?" चंद्रकांता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच भोजराज घाबरला. "गाडीची इज्जत ठेवा तुमी, न पोरीले मरू द्या. दिवाळीले माळ घाला कोंबडीले."

"उद्याच्या यष्टीनं जातो मी."

"यष्टीनं नाही. ज्या गाडीतून नेली त्याच गाडीतून आना. साऱ्याइनं पाहू द्या. आत्ताच निघा. मी भात टाकतो तिघाइचा."

हिरालालांचं घर गल्लीच्या शेवटी होतं. समोर भिंत, दोन्हीकडे घरं. कोंबडी भिंतीला नाक लावून उभी राहिली. व्याह्यांनी आदरानं बसवलं, चहा आला. विहीणबाई पदर सावरून म्हणाल्या, "एकच तं थापड मारली जी. भांड्याले भांडं लागतेच." जसं काही बाकीच्या थापडा सूट म्हणून सोडून दिल्या होत्या. अनुप मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. त्याचा मोबाइल कुणी कपाटात ठेवला नव्हता.

रेणू पिशवी घेऊन बाहेर आली. ओठ सुजला होता. भोजराजनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की मांडवातला तो दुपट्टा कुणी आत्ता खांद्यावर टाकला असता, तर त्यानं तो पायाखाली घेतला असता.

"नेतो मी तिले," तो म्हणाला.

"न्या की. चार दिवस राहून येईल," हिरालाल हसून म्हणाले. दारात येऊन त्यांनी गाडीकडे बघितलं, आणि आता शेजारीही जमले होते, म्हणून आवाज वाढवला. "पन इवाई, कसे जासाल? तुमच्या गाडीले तं रिव्हर्स नाही. तुमीच सांगत होते ना, यातून आलेली पोरगी वापस जात नाही म्हनून?"

गल्ली हसली. भोजराज मागं गेला, मूठ धरली आणि उचलली. चाक वीतभर वर आलं आणि धप्पकन खाली बसलं. लोक पुन्हा हसले. वय झालं होतं, हे त्याला त्या गल्लीत कळलं, नको त्या वेळी. त्यानं पुन्हा मूठ धरली. पाठीत कळ आली, चाक जागचं हललं नाही.

"सांगत होतो मी," तो वाकलेलाच म्हणाला. "चुकीचं सांगत होतो."

रेणूनं पिशवी सीटवर टाकली, पदर खोचला आणि येऊन उजवीकडे उभी राहिली. मुठीवर बापाच्या हाताशेजारी हात ठेवला.

"हं बाबा, उचल!"

कोंबडी उठली आणि गर्रकन फिरली. तिचं टोकदार नाक आता हिरालालांच्या पोटासमोर होतं, आणि त्यांना दोन पावलं मागं सरावं लागलं. त्या गल्लीत त्या दिवशी मागं गेलं ते एवढंच. बापलेक बसले आणि कटर-कटर करत गाडी निघाली.

कोंढ्यात शिरताना दिवस अजून होता. पारावर भैयाजी होतेच.

"का भोजराज, पोरगी वापस? गाडीले तं रिव्हर्स नाही म्हनते ना तू?"

"नाही जी," भोजराज गाडी थांबवून म्हणाला. "उचलून आनली." आणि पुढं निघाला. घरी तिघांचा भात तयार होता.

दोन्ही मांडवांनी गाडी नको म्हणून आपापले निरोप पाठवले. एकानं नागपूरहून गाडी मागवली आणि रिव्हर्स गियरला लिंबू-मिरची बांधली म्हणे. कोंबडीच्या माळा वाळून गळल्या. दारात पुन्हा हसणारे जमू लागले. रेणू पवनीच्या दवाखान्यात परत जाऊ लागली. चंद्रकांतानं गाडीवर पुन्हा गोवऱ्या घातल्या, पण आता मूठ मोकळी ठेवून.

एका सकाळी इश्वर आला. बांधालगतचाच माणूस, पण अंगणात परक्यासारखा उभा राहिला. भोजराज आत होता. चंद्रकांतानं इश्वरकडे बघितलं.

"गाडी पायजे होती," इश्वर म्हणाला.

"बिदाईले का भाऊ? आता तिचं कोनी नाव घेत नाही."

इश्वर गाडीच्या मुठीकडे बघत राहिला.

"नाही वहिनी. रूपाले आनाचं आहे."

चंद्रकांता पुढं झाली आणि एकेक गोवरी उचलून खाली ठेवू लागली.