लाभाच्या अकरा गाठी

पोलिसातल्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो. दिग्रसच्या कापूस पिंजणाऱ्या एका जिनिंगमधल्या अकरा गाठींचं प्रकरण मात्र मनातून जात नाही, कारण त्यात मी एका निर्दोष माणसाला जवळजवळ आत टाकलं होतं.

मालकाचा तक्रार अर्ज सरळ होता. ही जिनिंग शेजारच्या जिल्ह्यातल्या सूतगिरणीला कापसाच्या गाठी पाठवायची. त्या हंगामापासून कागदी चलन बंद झालं होतं. कोणती माहिती कोणत्या रकान्यात, कोणत्या क्रमानं द्यायची, याचा एक नमुना दोन्ही कंपन्यांनी ठरवून घेतला होता. गाडी निघाली की जिनिंगचा कॉम्प्युटर गिरणीच्या कॉम्प्युटरला कळवायचा आणि माल उतरला की तिकडून पोच यायची. तेव्हापासूनच्या अकराही खेपांना सारखीच पोच आली: निघाल्या शंभर, पोचल्या नव्व्याण्णव. त्या गिरणीकडे जाणारी गाडी एकच, चालकही एकच. मालकानं त्याला कामावरून काढलं होतं. चोरीचा गुन्हा नोंदला असता तर त्याच्या हाती पुन्हा कुणी गाडी दिली नसती.

चालक पांढरकवड्याकडचा. चौकशीत एकच सांगत राहिला, "साहेब, मोजून भरल्या, मोजून उतरवल्या. पहिले गेटवरचा बाबू चलनावर सही देत होता. आता कायच्यावर सही घेऊ?"

"मग काय कॉम्प्युटर खोटं बोलतो?" मी दरडावलं.

खरं म्हणजे त्या व्यवहारातलं मला अर्धंही कळलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. समजलं नाही असं म्हणायची लाज तेव्हापासूनची. वर्गात नुसती मान डोलवायचो. मालकासमोरही तेच केलं.

दुपारी चालकाची बायको डबा घेऊन आली. ठाणे अंमलदारानं डबा बघून आत दिला, पण ती माझ्या टेबलापाशीच थांबली.

"साहेब, एक विचारू? एक गाठ पावणेदोन क्विंटलची. यानं वाटंत एकट्यानं उतरवली कशी? घरी सिलिंडर बी मलेच उचलाव लागते. कंबर गेली हाय याची."

"अवं, ते कायले सांगून राह्यली साहेबाले!" बाकावरून चालक ओरडला. सगळं ठाणं हसलं. मीही हसलो, पण तिचं म्हणणं डोक्यात राहिलं. संध्याकाळी त्याला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या ऑफिसात गेलो. तिथल्या ऑपरेटर मुलीला म्हटलं, "बेटा, मला यातलं काही कळत नाही. पहिलीतल्या पोराला सांगतात तसं सांग."

तिनं शांतपणे सांगितलं. दर खेपेला शंभर स्टिकर निघतात, प्रत्येकावर वेगळा नंबर. तेच नंबर ती गिरणीला पाठवते. गिरणीच्या गेटवर मशीन स्टिकर वाचतं. स्टिकर नसलेली गाठ कॉम्प्युटरच्या लेखी आलेलीच नसते.

"कमी पडलेल्या गाठींचे नंबर कोणते?"

तिनं स्क्रीनवरची यादी खाली-वर केली. "सर, अकराही वेळा पहिलाच नंबर. आजवर कोणी नंबर विचारलाच नाही. किती कमी, एवढंच विचारतात."

मागच्या फलाटावर त्याच गिरणीसाठी आता दुसऱ्या एका चालकाची गाडी भरणं सुरू होत होतं. म्हातारे काटेवाले काका मोजत होते, "लाभ... दोन... तीन..." आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझे वडील ज्वारीही तशीच मोजायचे. काकांनी पहिल्या गाठीवर गेरूनं 'लाभ' लिहिलं, कुंकू लावलं, हात जोडले. स्टिकर दुसऱ्या गाठीपासून सुरू झाले.

"काका, हिला स्टिकर नाही?"

"लाभाले कुठं नंबर असते, साहेब?"

"मग पहिलं स्टिकर कुठं जातं?"

त्यांनी देवाच्या तसबिरीकडं बोट दाखवलं. तिच्याखाली भिंतीवर अकरा स्टिकर ओळीनं चिकटवले होते. हातातलं बारावं त्यांनी तिथंच लावलं. "फेकवत नाही न. लक्ष्मीच हाय ते बी."

पंच घेऊन त्याच दिवशी गिरणीत गेलो. ओळख न पटलेला माल ठेवायच्या शेडमध्ये अकरा गाठी होत्या, प्रत्येकीवर गेरूची अक्षरं. तिथल्या हमालांना त्या माहीत होत्या, ऑफिसला नव्हत्या. पंचनामा करताना मला चालकावर दरडावलेला माझाच आवाज आठवत होता.

जबाबासाठी चालक आणि काका दोघांना ठाण्यात बोलावलं. काका येताच चालकाच्या पायाशी वाकायला लागले. "माह्या हातानं तुले चोर केलं रे, बापू."

त्यानं त्यांना वरच्यावर धरलं. "काय करून राह्यले, काका? तुमी तं मले लाभ देऊन पाठवत होते!"

मी चालकाची माफी मागितली. तो इतका गोंधळला की त्यानं मलाच नमस्कार केला.

रकान्यांचा तो नमुना चुकीचा नव्हता. दोन्ही ऑफिसांत बसून नीट ठरवलेला होता, फक्त जिथं गाठ मोजली जाते तिथं कोणी जाऊन उभं राहिलं नव्हतं. मीही उशिराच गेलो. मला कळत नाही, हे वाक्य मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.

महिन्याभरानं दिग्रसला गेलो तेव्हा जिनिंगमध्ये डोकावलो. काका "लाभ" म्हणाले, गेरू लावला, कुंकू लावलं आणि शेजारी स्टिकर ठेवून तळव्यानं नीट दाबलं. गाडी भरल्यावर, कामावर परत आलेल्या आमच्या चालकानं खिशातून छोटी वही काढली. काकांनी चष्मा लावून त्यात सही केली.

मग वही माझ्यासमोर आली. "साहेब, तुमची बी होऊन जाऊ द्या."

मी शंभर गाठी मोजल्या आणि सही केली.