सोनूसाठी नऊ फोन

चाकणच्या एका कंपनीच्या दफ्तरात माझं नाव 'सोनू' असं नोंदलेलं आहे. माझं वय सत्तेचाळीस. घरी, दारी, सासुरवाडीला मला कोणीही सोनू म्हणत नाही, आणि म्हणावं असं माझ्यात काही नाही.

सोनू म्हणजे खरं तर आमची मुलगी. कागदोपत्री ती वैष्णवी दत्तात्रय साळुंखे, पण हे नाव शाळेच्या दाखल्यावरून उतरून घरात कधी आलंच नाही. ती आकुर्डीच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला होती, तेव्हा चाकणच्या त्या कंपनीने एक योजना काढली. अकरावी-बारावीच्या चार मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे कंपनीत प्रशिक्षण. रीतसर अर्ज, रीतसर मुलाखत. सोनूने ती नोटीस वाचली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय बंद झाला.

त्याला कारण मीच. मी बावीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे माल गेटबाहेर पडायच्या आत त्यातली चूक शोधायची. लहानपणी सोनू विचारायची, "पप्पा, तुम्ही आत नेमकं काय करता?" आणि मी म्हणायचो, "मोठी झालीस की दाखवतो." एकदा फॅमिली डेला नेलं, तर तिला बाग, कँटीन आणि साहेबांचं भाषण एवढंच दिसलं. मशिनं चालू असलेली कंपनी आतून बघायची, हे तिने तेव्हापासून मनात धरलं होतं. मला काही ते दाखवता आलं नाही. त्यामुळे ही मुलाखत तिच्याइतकीच माझ्याही जिवाला लागली होती.

कॉलेजात एका मॅडमनी मुलांना अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत कसं बोलायचं, हे दोन तास शिकवलं आणि वर तीन पानी कागद दिला. सोनूने त्याप्रमाणे एका पानाचा अर्ज लिहिला. मी तो तपासला. (सवय!)

"यात 'सविनय विनंती' कुठंय?"

"लागत नाही, पप्पा."

"'आपली आज्ञाधारक'?"

"तेही नाही."

"मग तुझा नम्रपणा त्यांना कळणार कसा?"

"मी भेटल्यावर कळेल ना."

अर्ज हातातून गेला, म्हणून मी मुलाखतीचा सराव हातात घेतला. कारखान्यात नापास मालाला आम्ही लाल चिठ्ठी चिकटवतो. तशा चिठ्ठ्यांचं एक पाकीट मी घरी आणलं. (हे आमच्या कंपनीला कळवू नये.) डायनिंग टेबलाच्या एका बाजूला मी, समोर सोनू.

"स्वतःबद्दल सांग."

"मी वैष्णवी साळुंखे. अकरावी सायन्सला..."

"हात हलला. लाल!"

"पप्पा!"

"तुझा कमकुवतपणा काय?"

"घाईत माझ्या चुका होतात. म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते."

"लाल! चूक कबूल करायची नसते. म्हणायचं, मी फार मेहनत करते, हाच माझा कमकुवतपणा."

"असं कोण असतं?"

"मी."

स्वयंपाकघरात सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, गरजेपेक्षा जास्त वेळ खोकली. अर्ध्या तासात टेबल, खुर्ची आणि सोनूची बाही मिळून चौदा चिठ्ठ्या लागल्या. शेवटी सोनूने त्या एकेक करून काढल्या आणि माझ्यासमोर त्यांची गड्डी ठेवली.

"पप्पा, एक वचन द्या. कोणाला फोन करायचा नाही. कुठे शब्द टाकायचा नाही. मला माझ्या जोरावर जायचंय."

"नाही करणार फोन."

"आईची शपथ?"

"माझी कशाला?" सुनंदा आतून म्हणाली. "मला अजून जगायचंय."

मी फोन केला नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. मी प्रत्यक्ष जाऊन भेटलो.

आता यात माझं काय चुकलं? आमच्या या पट्ट्यात एखादा पोरगा नुसता अर्ज टाकून कंपनीत लागला असं सांगितलं, तर लोक विचारतात, बिचाऱ्याला आईवडील नाहीत का? वडील असून मी स्वस्थ बसायचं, हे मला जमेना.

पहिला गाठला साडू, प्रकाश. तो लातूरकडचा, आणि त्याच कंपनीची स्टाफ बस चालवतो.

"बिनघोर राहा भाऊ," प्रकाश म्हणाला. "साहेबाला रोज मीच नेऊ लालो ना! आरशात बघून सांगतो."

दुसरे आमच्या निगडीच्या सोसायटीचे चेअरमन, जोशीकाका. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण अधिकार निवृत्त झालेला नाही. "अहो, तिथले परचेसचे लोक माझ्या हाताखाली शिकलेत. माझा एक शब्द पुरे."

तिसरे बाळासाहेब. चाकणचे जुने गावकरी, त्यांचे पाण्याचे टँकर त्या कंपनीत जातात.

"आमी हाय ना, साळुंखे! पानी बंद करतो म्हनावं."

"पाणी नका हो बंद करू!"

"बरं, न्हाई करत. नुसतं म्हनतो."

तिघांनाही मी एवढंच सांगितलं होतं, "आमच्या सोनूचं तेवढं बघा." वैष्णवी हे नाव मला त्या वेळी सुचलंच नाही. त्या तिघांनी हे काम आपापल्या ओळखीत पुढे सरकवलं, याचीही मला कल्पना नव्हती.

मुलाखत दहाला होती. आम्ही सातला गाडी काढली. तळवड्याला दोन कंटेनर एकमेकांत अडकून बसले होते, तरी आम्ही साडेआठला कंपनीच्या गेटवर हजर. रजिस्टरमध्ये नाव-गाव लिहून रिसेप्शनमध्ये बसलो. तिथे अशीच पंधरा-वीस मुलं आणि त्यांच्यापेक्षा जास्त घामाघूम झालेले त्यांचे आईवडील बसले होते. सोनू निळ्या ड्रेसमध्ये ताठ बसली होती. तिला आत बोलावलं, तेव्हा तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेली. माझ्याच्याने बसवेना. मी बाहेर येऊन वॉचमनमामांच्या खोपटात चहा घेत उभा राहिलो.

"पोरीसाठी कुनाचा फोनबिन तर न्हाई ना लावला?" मामांनी विचारलं.

"छे! का हो?"

"मुलाखत घेनाऱ्या मॅडमचा नियम हाय. ज्याच्यासाठी फोन येतो, त्याचं नाव काट. यंदा एकाच्याच नावानं नऊ फोन आल्यात. कोन सोनू हाय म्हनं."

"नऊ?"

"नऊ! त्यातला एक तर पानी बंद करतो म्हनला."

चहाचा कप मी तिथेच ठेवला. मी आत पळालो. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधतोय, आणि माझ्याच हातून पोरीच्या नावावर काट बसणार होती! मला खरंच रडू येत होतं. तेवढ्यात एका दारातून सोनू बाहेर आली. चेहरा असा खुललेला, की मुलाखत चांगली झाली हे कोणीही ओळखावं. आणि त्याच क्षणी दुसऱ्या दारातून एक ऑफिसर हातात कागद घेऊन आला.

"सोनू कोण आहे? अर्जांत हे नाव सापडत नाहीये. मॅडमनी बोलावलंय."

सोनूची मान सवयीने वळली. ओठ उघडले.

"मीच!" मी उभा राहिलो.

ऑफिसरने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"तुम्ही सोनू?"

"लाडाचं नाव आहे."

सोनूने माझ्याकडे पाहिलं. माझीच मुलगी ती, तिला सगळं कळायला एक पापणी लवण्याइतका वेळ लागला. ती सगळ्यात लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. मला तिने सोनू या नावाने एक फॉर्म भरताना पाहिलं, आणि मग गाडीचं हेल्मेट हातात घेऊन आत जातानाही पाहिलं.

आत मॅडम आणि प्रॉडक्शनचे एक साहेब बसले होते.

"या. नऊ फोन ज्याच्यासाठी आले, तो माणूस मला बघायचाच होता," मॅडम म्हणाल्या. "स्वतःबद्दल सांगा."

मला पाठ होती ती सगळी सोनूची उत्तरं. "मला... चित्रकलेची आवड आहे," मी म्हणालो. हात हलू नयेत म्हणून हेल्मेट मांडीवर ठेवलं, ते घरंगळत साहेबांच्या पायाशी गेलं. साहेबांनी ते उचलून माझ्या हातात दिलं.

"वय?"

"सत्तेचाळीस."

"ही योजना अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आहे."

"माझं बारावीपर्यंतच झालंय."

मॅडमनी फोनवरची टिपणं काढली. "सोनूला वेल्डिंग उत्तम येतं, असं एकांनी सांगितलंय."

"नाही येत."

"सोनू शांत आहे, घरंदाज आहे, स्वयंपाक येतो."

"चहा येतो."

"सोनूचं लग्न ठरलंय, त्याआधी कुठेतरी चिकटवा."

"झालंय. एकोणीस वर्षं झाली."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"तुमचा कमकुवतपणा?" मॅडमनी विचारलं.

"मी फार मेहनत..." वाक्य काही पुढे जाईना. "मला स्वस्थ बसवत नाही," मी म्हणालो. मॅडमनी पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं.

"शेवटी, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

त्या तीन पानी कागदात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की मुलाखतीच्या शेवटी एक प्रश्न जरूर विचारावा. मी विचारला.

"मघाशी ती निळ्या ड्रेसमधली मुलगी येऊन गेली ना, तिचं कसं झालं?"

मॅडमनी गेटवरचं रजिस्टर मागवलं आणि जवळ ओढलं. दत्तात्रय साळुंखे, निगडी. मग अर्जांच्या गठ्ठ्यातून एक अर्ज काढला. वैष्णवी दत्तात्रय साळुंखे, निगडी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी उभा राहिलो आणि हात जोडले. "मॅडम, तिला यातलं काहीच माहीत नाही. तिने मला शपथ घातली होती. हा गाढवपणा माझा आहे. तिचं नाव नका हो खोडू."

"आमचा नियम पक्का आहे, साळुंखे," मॅडम म्हणाल्या. "फोन ज्याच्यासाठी येतो, त्याचं नाव जातं." त्यांनी पेन उचललं. "नऊच्या नऊ फोन सोनूसाठी आलेत." त्यांनी माझ्या फॉर्मवर आडवी काट मारली. "वैष्णवीसाठी एकही नाही."

मी खुर्चीत परत बसलो.

"तिलाही आम्ही कमकुवतपणा विचारला. घाईत चुका होतात, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते, म्हणाली. हे तिला कोणी शिकवलं?"

"मी त्याला लाल चिठ्ठी लावली होती," मी खरं ते सांगितलं.

परतताना सोनू गाडीवर मागे बसली होती. तळवडे आलं, तेव्हा तिने विचारलं, "किती जणांना सांगितलं होतंत?"

"तिघांना."

"फोनवर?"

"भेटून."

नंतरचे चार दिवस घरात माझ्याशी फक्त सुनंदा बोलत होती, तेही जेवायला वाढताना. पाचव्या दिवशी कंपनीकडून दोन मेल आले. पहिला वैष्णवीला. निवड झाली होती! सोनूने किंचाळून आईला मिठी मारली, मग थोडा विचार करून मलाही मारली. दुसरा मेल माझ्या पत्त्यावर होता. 'श्री. सोनू यांस. आपली निवड करता आली नाही, याबद्दल खेद वाटतो.'

ही बातमी फुटल्यावर तिघेही घरी आले. "आरशात बघून बोललो होतो का नाही?" प्रकाश म्हणाला. जोशीकाकांनी एकच पेढा घेतला आणि आपला एक शब्द किती पुरतो ते सांगितलं. बाळासाहेबांनी चार घेतले. सोनू नापास झाला, हे मी कोणालाही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेलो. पिवळं जाकीट आणि डोक्यापेक्षा मोठं हेल्मेट घालून ती आत चालत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी गेटवर उभा होतो. संध्याकाळी ती तासभर मशिनांबद्दल सांगत होती, आणि मध्येच थांबून म्हणाली, "पप्पा, एवढ्या आवाजात तुम्ही बावीस वर्षं उभे आहात?" मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो.

फ्रीजवर माझ्या नकाराच्या मेलचा प्रिंट चिकटवलेला होता. त्यावर एक लाल चिठ्ठी.

"पुढच्या वर्षी परत अर्ज करा, पप्पा," सोनू मागून म्हणाली. "पण वशिला नको हं. तयारी करा."

सध्या तो तीन पानी कागद माझ्या उशाशी असतो. सगळं पाठ झालंय. अडतो तो फक्त कमकुवतपणाच्या प्रश्नाला. तिथे उत्तरं इतकी सुचतात, की एक निवडता येत नाही.