मुलांनी फक्त ओठ हलवायचे

शाळेत बाईंना सगळे ‘तिखटबाई’ म्हणत, पण तोंडावर म्हणायची हिंमत कुणात नव्हती. आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर, त्या नाटक शिकवत. शिकवत म्हणजे काय, तर बाकं भिंतीला लावून मुलांना जोडीजोडीने समोरासमोर उभं करत. समोरच्याचा चेहरा नीट बघायचा आणि आज त्याचं काय चाललंय ते सांगायचं. झोप झालेली नाही, घरी बोलणी खाल्लीत, स्वारी खुशीत आहे. संवाद त्यानंतर. गणिताच्या सरांना हा शुद्ध पोरखेळ वाटे, आणि चहा पिता पिता ते तसं बोलूनही दाखवत. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

या वर्षी मुख्याध्यापकांनी नाटकाचा तास गणिताला द्यायचं ठरवलं. बाई भांडल्या. तेव्हा मुख्याध्यापकांनी तोडगा काढला, की संमेलनातलं नाटक देखणं झालं, पाहुणे खूश झाले, तर तास राहील. मात्र मुलं अडखळतात, म्हणून संवाद आधीच रेकॉर्ड करायचे, तेही बाहेरच्या तयार गळ्याच्या लोकांकडून. मुलांनी फक्त ओठ हलवायचे.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांच्या तोंडचं बोलणंच काढून घ्यायचं आणि त्याला नाटक म्हणायचं? त्यापेक्षा दुकानातून बाहुल्या आणा की. पण तास वाचवायचा होता, म्हणून त्या मूग गिळून गप्प बसल्या. त्याबद्दल त्यांना मुख्याध्यापकांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.

नाटक होतं डॉक्टरला दाद न देणाऱ्या एका हट्टी आजोबांचं. आजोबा झालेल्या मुलाला कापसाची दाढी होती, आणि अंगात बाईंच्या नणंदेने जुन्या ब्लँकेटचा शिवलेला कोट. भीतीने पोराने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यात डोक्यावर ते भगभगीत दिवे. दुसऱ्या प्रवेशात तो डुलला आणि खुर्चीवरून खाली कोसळला.

आवाज मात्र चालूच होता. “मला काय धाड भरलीय? मी चांगला ठणठणीत आहे!” असं आजोबा स्पीकरमधून गरजले, आणि सभागृहाची हसून हसून मुरकुंडी वळली. पहिल्या रांगेत पाहुणे टाळ्या पिटत होते, शेजारी मुख्याध्यापकही हसत होते. पडद्याआड यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईंना मधल्या खांबामुळे मुलगा दिसत नव्हता. त्यांना वाटलं, प्रसंग रंगलाय.

डॉक्टरीण झालेली मुलगी तेवढी हसत नव्हती. तिने गुडघ्यावर बसून त्याची दाढी वर सारली. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“बाई, आवाज बंद करा,” ती म्हणाली. “हा खरंच पडलाय.”

बाईंनी यंत्र बंद केलं. मुख्याध्यापक धावत पडद्याआड आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, चालू करा, पाहुणे बसलेत. बाईंनी वायरच उपटली आणि मंचावर गेल्या. कोट काढला, पाणी पाजलं, तेव्हा कुठे पोराने डोळे उघडले. मुलं त्याच्याभोवती उकिडवी बसली होती. नाटक तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. पाहुण्यांसमोर शाळेची शोभा झाली, मुलांना शिस्त नाही, असं बरंच काही ते बोलले. पोराची तब्येत कशी आहे, हे काही त्यांनी विचारलं नाही. शेवटी नाटकाचा तास बंद झाल्याचं सांगून त्यांनी नवं वेळापत्रक सहीसाठी पुढे सरकवलं.

बाई उभ्याच होत्या. “सर, पोरगं तुमच्या डोळ्यांसमोर पडलं आणि तुम्ही हसलात,” त्या म्हणाल्या. “सगळं सभागृह हसलं. ते पडलंय हे एका मुलीला दिसलं, कारण तिला माणसाकडे बघायला शिकवलंय. तोच तास तुम्ही काढून टाकताय.”

त्यांनी सही केली नाही. वेळापत्रक सोमवारी लागलंच.