वजीरचं ताट कोण ठेवतं

भरलेली बंदूक बापूंनी ओट्याच्या खांबाला टेकवून ठेवली होती. मी जनावरांचा डॉक्टर. सायकलवरून उतरलो तसा त्यांनी कागद आणि दौत माझ्यापुढे सरकवली.

"लिखून दे डाक्टर. कुत्रा पागल आहे. तू सही कर, मग मी माझं काम करतो."

बापू म्हणजे दापोऱ्याचे पाटील. केळी, कापूस, दोन विहिरी. आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या वजीर नावाच्या कुत्र्याने धाकट्या सुनेचा, सुशीलाचा, उजवा हात फोडला होता. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात टाके घातले. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांपैकी पहिलं देऊन तिला बैलगाडीतून घरी आणलं. आता तिचे वडील जैनाबादहून निघाले असल्याचा निरोप आला होता.

"कुत्रा मारायला माझी सही कशाला लागते, बापू?" मी विचारलं.

"व्याह्याला दाखवायला. कुत्रा पागल होता म्हटलं की गोष्ट नशिबाची होते. शहाणा होता म्हटलं की माझ्या घराची होते."

मी मागच्या अंगणात गेलो. वजीर निंबाला बैलाच्या दाव्याने बांधलेला होता. मी लांबून पाण्याची बादली सरकवली. तो घटाघटा प्यायला. डोळे स्वच्छ होते, लाळ गळत नव्हती, आवाज बदललेला नव्हता. बापूंचा थोरला मुलगा दिसताच त्याने शेपटी हलवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चावतेवेळी कुत्र्याच्या लाळेत पिसाळाचं विष असेल, तर तो स्वतः दहा दिवसांच्या आत आजारी पडतो आणि मरतो. म्हणून चावलेला कुत्रा लगेच मारायचा नाही. बांधून दहा दिवस पाहायचा. याला आम्ही ऑब्झर्वेशन म्हणतो. तो दहा दिवस जगला, तर माणसाच्या जिवाचा घोर मिटतो. आधीच गोळी घातली तर घरच्यांना काहीच कळत नाही. त्यांना नुसती वाट पाहावी लागते.

मी बापूंना हे समजावलं.

"तुझ्या हॉस्टेलसाठी चिठ्ठी लिहिली तेव्हा मी दहा दिवस थांबलो होतो का रे?"

माझे वडील बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या शाळेत शिपाई होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. व्हेटरनरी कॉलेजच्या हॉस्टेलात जागा मिळाली ती बापूंच्या एका चिठ्ठीमुळे. ते उपकार मी आजही मानतो. त्या दिवशी मात्र मी दौतीचं झाकण लावलं.

"दहा दिवसांनी जे खरं असेल ते लिहून देईन."

खरं तर माझी एक सही या घरात आधीच होती, आणि तीच मला टोचत होती.

संस्थानं विलीन होत होती तेव्हाची, या दिवसाच्या आठ महिने आधीची ही गोष्ट. आमच्या भागातल्या एका लहान संस्थानाचा शिकारखाना मोडला. घोडे लिलावात गेले. उरली मॅस्टिफ जातीची पाच पिल्लं. मॅस्टिफ म्हणजे राखणीसाठी पैदा केलेली, रुंद जबड्याची, दणकट जात. ही पिल्लं चांगल्या घरी द्यायचं काम आमच्या सरकारी व्हेटरनरी ऑफिसने माझ्याकडे दिलं. खंडव्याचे आमचे साहेब म्हणाले होते, "पिल्लू कोणीही पाळेल. मोठा कुत्रा पाळता येईल असं घर बघा, आणि तसं लिहून सही करा."

मी नवा होतो आणि मनापासून काम करत होतो. बापूंच्या घरी पूर्ण दुपार घालवली. अंगणाची भिंत पुरुषभर उंच करून घेतली. विहिरीच्या काठाला फळ्या लावल्या. एरंडीच्या पेंडीची पोती कुत्र्याला विषारी म्हणून वरच्या माळ्यावर हलवली. कुत्रा तिखट व्हावा म्हणून पिल्लाला मिरची चारतात, कान कापतात, ते करायचं नाही असं बजावलं. पहिले सहा महिने बांधायचं नाही, घरच्यांनी हातातून खाऊ घालायचं, जेवताना ताटाला हात लावायची सवय लहानपणीच करायची, हेही सांगितलं. बापूंनी मान डोलावली, दोन्ही मुलांनी डोलावली. मी रिपोर्टात लिहिलं, "घर योग्य आहे."

आता पाहत होतो तर भिंत जागेवर होती, फळ्या जागेवर होत्या, वजीरचे कानही शाबूत होते. मग हे झालं कसं? मी मुलांना विचारलं. कुत्रा चावला तेव्हा दोघेही शेतात होते. बापू बुऱ्हाणपूरला गेले होते.

"मग सुशीलावहिनींनाच विचारायला हवं," मी म्हणालो.

बापू म्हणाले, "आतून विचार."

मधल्या दाराच्या अलीकडे मी बसलो. पलीकडे बापूंच्या पत्नी, सगळे त्यांना मोठी माय म्हणत, आणि त्यांच्या मागे सुशीला. मला फक्त लुगड्याचा काठ आणि बांधलेला हात दिसत होता. सासरे ओट्यावर असताना तिचा आवाज बाहेर येणं त्या घरात बसत नव्हतं. ती कुजबुजे आणि मोठी माय मला सांगे.

"वजीरला जेवण कोण देतं?" मी विचारलं.

"आता कोण देणार? हीच देते. बाप्ये काय चुलीपाशी येतात का?"

"रोज?"

"आला तेव्हापासून. दोन वक्त."

"कशी देतात? समोर जाऊन?"

आत कुजबुज झाली.

"ती म्हणते, मागच्या दारातून ताट सरकवते. बापू तिथे खाटेवर बसलेले असतात ना. त्यांच्यासमोर कशी निघेल? जेवण झालं की गडी ताट परत आणून ठेवतो."

"आणि काल?"

"काल बापू गावात नव्हते. गडी पण नव्हता. म्हणून ती स्वतः ताट उचलायला गेली. चेहऱ्यावर पदर होताच, सवयच आहे." मोठी माय थांबल्या. आत पुन्हा काही बोलणं झालं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "ती म्हणते, कुत्र्याची चूक नाही. आठ महिने माझ्या हातची भाकर खाल्ली त्याने, पण मला कधी पाहिलंच नाही."

मी पूर्ण दुपार भिंती मोजल्या होत्या. ताट ठेवणारा हात कोणाचा, हे विचारलं नव्हतं. मुलांनी मला होकार दिला आणि भाकरी वजीरपर्यंत दुसऱ्याच दाराने जात राहिली. त्याच्या लेखी काल तोंड झाकलेलं एक परकं माणूस त्याच्या ताटावर वाकलं होतं.

बापूंनी ओट्यावरून सगळं ऐकलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी बंदुकीतलं काडतूस काढलं होतं. ते विचारू लागले, "दहा दिवसांनी धडधाकट निघाला तर पुढे काय?"

"घरात ठेवायचा असेल तर वहिनींनी उघड्या चेहऱ्याने त्याच्यासमोर यावं लागेल. रोज, दोन्ही वेळा. आधी लांबून, तो बांधलेला असताना, सोबत तुमचा धाकटा मुलगा. तुम्ही तिथे बसलात तर ते व्हायचं नाही."

"म्हणजे माझ्या अंगणातून मी उठायचं. कुत्र्यासाठी."

"कुत्र्यासाठी नाही, बापू."

दुपारी सुशीलाचे वडील आले. बापूंनी त्यांना पाणी दिलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, "कुत्रा पागल वाटत नाही. चूक आमची झाली." मी म्हणालो, "घर तपासून सही मी केली होती." व्याह्यांनी एवढंच विचारलं, "लेकीला इंजेक्शनला रोज कोण नेतं?"

"मी नेईन," बापू म्हणाले.

दहा दिवस मी रोज सायकलने दापोऱ्याला गेलो. वजीर खात होता, पीत होता. अकराव्या दिवशी मी लिहून दिलं की कुत्र्याला पिसाळ नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनांचा कोर्स तरीही पूर्ण केला. बापूंची खाट पुढच्या ओट्यावर गेली ती तिथेच राहिली. दोन महिन्यांनी सुशीला वजीरच्या ताटात हात घालून भाकर कुस्करत होती, डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. माझ्या तपासणीची किंमत तिने भरली, हे मला कधी विसरता आलं नाही.

उरलेल्या चार पिल्लांच्या घरी मी वजीर चावला त्याच महिन्यात पुन्हा गेलो. मालकांनी ओट्यावर चहा मागवला. मी म्हणालो, चहा नंतर, आधी कुत्र्याला जेवण देणाऱ्या माणसाला भेटवा. दोन घरी ते माणूस दाराआडच होतं. पुढे नोकरीभर घरतपासणीच्या प्रत्येक रिपोर्टात मी ताट ठेवणाऱ्या माणसाचं नाव पहिल्या ओळीत लिहीत आलो, आणि भिंतीची उंची त्याच्या खाली.