आयडेलमायच्या कपाळावरचा वळ

"चिमट्यानं उचल ती! हातानं नगं. आन माझ्या मेजावर तर ठिवूच नगंस."

"अगं ओझेला, हॅट आहे ती. मेलेला उंदीर नाही," रोशेल म्हणाली.

"उंदीर बरा की. त्येचा वास कशाचा हाय त्ये तरी कळतंय. ह्येला कशाचा येतोय? ये रुबेन, तू हुंग बरं. तुझं नाक माशापायी मेलंय, तरीबी हुंग."

मी हुंगली. जळक्या टायरवर साखर भुरभुरावी, तसा वास. माझं मासे तळायचं दुकान ओझेलाच्या भिंतीला भिंत लावून आहे. माझ्या तेलाचा वास तिच्या हॅटांना लागतो म्हणून ती वर्षभर माझा उद्धार करते. पण त्या दिवशी मला माझं तेल अत्तरासारखं वाटलं.

ओझेला पेटिफर्ड आमच्या मेकन गावात काळ्या लोकांच्या चर्चला जाणाऱ्या बायकांच्या हॅट करते. आमच्याकडं बाई रविवारी उघड्या डोक्यानं चर्चला जात नाही आणि एकाच बाकावर दोन डोक्यांवर सारखी हॅट दिसली, तर त्या दोघी पुढच्या ईस्टरपर्यंत एकमेकींचं तोंड बघत नाहीत. म्हणून कुणाकडं कुठली हॅट आहे, हे ओझेला ध्यानात ठेवते. नाताळात नवरे बायकोसाठी भेट घ्यायला येतात, तर त्यांना ती निवडूच देत नाही. "तुला काय कळतंय त्यात? बस तिथं," म्हणते आणि स्वतःच काढून देते.

आमच्या चर्चमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या बायांचं मायमंडळ. पांढरी वस्त्रं घालून पहिल्या बाकावर बसतात. दर नाताळात चर्च त्यांना नवी पांढरी हॅट भेट देतं. पांढऱ्या सगळ्या, पण काठ हरेकीचा निराळा. हे काम आधी ओझेलाच्या मावशीकडं होतं, मग तिच्याकडं आलं. नाताळ सरला की दोन महिने हॅटसाठी कुत्रं फिरकत नाही. ते दिवस दुकान याच कामावर तगतं. हे काम गेलं की दुकानाला कुलूप.

यंदा पाळकसाहेबांच्या बायकोनं, व्हर्नेटबाईनं, वेदीजवळ उभं राहून सांगितलं होतं, "या नाताळात भेटी घ्यायच्या त्या आपल्या काळ्या लोकांच्या लहान दुकानांतूनच. मोठ्या बाजाराला एक दमडी नाही!" सगळ्यात जोरात टाळ्या ओझेलानंच वाजवल्या. घरी येऊन पांढरं फेल्ट, म्हणजे हॅटचं लोकरी कापड, काढलं, डोक्याच्या आकाराचे लाकडी ठोकळे पुसले, वाफेची किटली घासली. आणि बसली वाट बघत. सांगावा आला नाही. चर्चच्या दारात बाहेरून मागवलेल्या हॅटांची खोकी येऊन पडली.

त्यातलीच एक हॅट घेऊन रोशेल आली होती. रोशेल बँकेत असते आणि चर्चच्या भेटींचं बघते.

"सगळ्या सैल होतायत गं," ती म्हणाली. "एकच माप आलंय. आतून जरा शिवून दे की."

"कुठनं आनल्या?"

"आपल्याच लोकांकडून! हे बघ, खोक्यावर फोटो आहे."

खोक्यावर एक काळी बाई बत्तीशी दाखवत उभी होती. हातात सुई, पण सुईत दोरा नव्हता. खाली कंपनीचा पत्ता कुठल्या तरी गोदामाचा.

"ही कोन?"

"मालकीण असेल."

"आसंल? तुला ठाव न्हाई? आन माझं दुकान कुठं गेलं व्हतं?"

रोशेल चाचरली. "फोनमध्ये बघितलं गं. आपल्या लोकांची हॅटची दुकानं, असं टाकलं तर ही कंपनी पहिली आली. तुझं नावच नाही निघालं."

"चर्चच्या दारातनं थुकलं, तर माझ्या पायरीवर पडतंय. आन मी तुमास्नी सापडले न्हाई!" ओझेलानं हॅटला डिंकानं चिकटवलेलं पीस नखानं खरवडलं. नखाला पांढरी भुकटी लागली. तिनं ती रोशेलच्या बाहीलाच पुसली. "मी न्हाई शिवायची. दुसऱ्याची वकारी मी न्हाई निस्तरत."

तेवढ्यात दारातून आयडेलमाय आली. मायमंडळात सगळ्यात मोठी. दुखण्यात तिचे केस गेले ते परत आले नाहीत. हॅट हेच तिचे केस. बुधवारच्या प्रार्थनेला तिनं माप बघायला दिलेली नवी हॅट घातली होती. म्हातारी डोळे मिटून प्रार्थना करत होती आणि हॅट घसरत नाकापर्यंत आली. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तर अंधार. "दिवे कोनी घालवले गं?" असं तिनं भर चर्चमध्ये विचारलं. पोरं हसली. पण हॅट काढली तर कपाळभर लाल वळ. हॅटच्या आतल्या डिंकानं कातडी सोलली होती.

आता डोक्याला फडकं बांधून आली होती. ओझेलानं फडकं सोडलं, बघितलं आणि तिचा चेहरा आंबट झाला.

"जनावराच्या खोगिराला तरी आतनं कापड लावत्यात," ती म्हणाली.

मागून व्हर्नेटबाई धापा टाकत आल्या. कुणी तरी त्यांना कळवलं होतं. "ओझेला, बाई, गैरसमज झाला. या रविवारी मी तुला सगळ्यांसमोर उभी करते. टाळ्या वाजवू. तुझा फोटो चर्चच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकू."

"टाळ्या घिऊन काय करू? फेल्टला लावू?"

"पुढच्या वर्षी काम नक्की तुलाच."

"पुढल्या वर्सी हितं चपला इकत आसतील."

आयडेलमाय खुर्चीत टेकली आणि शांतपणे म्हणाली, "व्हर्नेट, मायमंडळ त्ये घमेलं घालनार न्हाई. नाताळाला आम्ही समद्या उघड्या डोक्यानं पयल्या बाकावर बसू. माझं टक्कल तर लईच चमकतंय. पाळकाला दिव्याची गरज न्हाई."

मी हसलो. रोशेलही हसली. व्हर्नेटबाईंच्या डोळ्यांपुढं तो बाक आला असावा. गावोगावचे पाहुणे, शेजारच्या चर्चचे पाळक, आणि समोर टकली, विरळ, उघडी डोकी.

"नाताळापर्यंत होतील का गं सगळ्या?" त्यांनी हळूच विचारलं.

मला वाटलं, ओझेला खूश होईल. कसली खूश! तोंडात माशी गेल्यागत तिचं तोंड झालं होतं.

"माझं काम माझ्याकडं यायला म्हातारीचं कपाळ सोलावं लागलं," ती म्हणाली. "थू तुमच्या त्या फोनवर. व्हतील. एकेका मायला हितं पाठवा, माप कागदावर नगं. आन जाताना ती घान घिऊन जावा."

"आन खोक्यावरली बाई?" मी विचारलं.

"तिला बिचारीला बी ठाव नसंल तिचा फोटो कुनी कुठं चिकटवलाय. तुझे मासे करपत्यात, जा."

खरंच करपत होते. मी निघालो तेव्हा ओझेलानं किटली चढवली होती. आयडेलमायच्या डोक्याभोवती तिनं दोन्ही तळवे धरून बघितले, मग लाकडी ठोकळ्याला मऊ कापडाची एक घडी गुंडाळली, पुन्हा डोकं चाचपलं, घडी सोडून जरा पातळ केली. वाफ धरली तशी तिनं ओलं फेल्ट ठोकळ्यावर ताणलं आणि तोंडात टाचण्या धरून काठ खाली ओढायला लागली.