दोन वर्षांनी दिसलेला डाग

नवसी माझी सासू. बारवी धरणाकडच्या आमच्या पाड्यावर भातलावणीत तिच्या बरोबरीची बाई नाही. पन्नाशी उलटली, दोन वर्षांपूर्वी पाळी गेली आणि तिला गावदेवीचा नैवेद्य रांधायचा मान मिळाला. आमच्याकडे पाळी गेलेली बाईच तो रांधते. दर मंगळवारी काय तिची ऐट! मला चुलीकडे फिरकू द्यायची नाही.

आणि मी हर्षदा, पाड्याची आशाताई. तोंडाची फटकळ. बायकांना आंब्याखाली बसवून सांगायचे, "पाळी मागेपुढे होते, अंगातून वाफा निघतात, तो रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ. सलग बारा महिने आली नाही, की रजोनिवृत्ती झाली. त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी ती पाळी नव्हे. सरळ दवाखाना गाठायचा, कळलं?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मी त्यांना झापायचे.

सासू त्यात कधी नसायची. घरी सासऱ्यांसमोर असलं बोलायची माझी छाती नव्हती. खोटं कशाला सांगू, आम्ही दोघीच असायचो तेव्हाही नव्हती. लाज वाटायची.

परवा ओढ्यावर धुणं धुताना तिच्या लुगड्यावर रक्ताचा डाग दिसला. "आई, हे काय?"

तिनं लुगडं माझ्या हातातून ओढून घेतलं. "कुणाला बोलू नको गं. चार महिने झाले, परत चालू झालंय. मी तशीच देवीचं रांधलं. मान जाईल म्हणून गप राहिले. मोठं पाप झालं माझ्या हातून."

पाप कसलं डोंबलाचं! दोन वर्षांनी रक्त जात होतं आणि बाई देवीला भीत होती.

उल्हासनगरच्या दवाखान्यात गर्भपिशवीचा तुकडा तपासायला काढला. डॉक्टरीणबाई चिडल्याच. "कॅन्सर आहे की नाही ते आठवड्याने कळेल. पण चार महिने अंगावर काढलेत? तुमच्याकडे आशाताई येत नाही का?"

मी गळ्यातलं ओळखपत्र आधीच पिशवीत कोंबलं होतं. मान वर होईना.

"येते की," सासू म्हणाली. "लय चांगलं सांगते, बायका बोलतात. मीच कधी जाऊन बसले नाय. माझ्यासमोर बोलायला पोरीला लाज वाटली असती."