साडभाऊंचा समुद्र

समुद्राविषयी बोलून समोरच्याला जीव नकोसा करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा निघाला. अकोल्यात साड्यांचं दुकान, समुद्र तोवर जन्मात पाहिलेला नव्हता, घरच्या नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. पण कुठल्या किनाऱ्याला पाणी का चढतंय, हे साडभाऊंना तोंडपाठ. सगळी विद्या मोबाइलवरची. दर्यापूरला एका बारशाच्या पंगतीत, वारा समुद्राचं पाणी एका अंगाला कसं रेटतो ते दाखवायला त्यांनी कढीच्या वाटीवर अशी फुंकर मारली, की कढी शेजारच्या पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. सदरा पुसतापुसताही हे सांगतच होते, की समुद्र सगळीकडे सारखा चढत नाही, जिथलं पाणी जास्त तापतं तिथे ते जास्त फुगतं. तेल्हाऱ्याला जाणाऱ्या भरल्या जीपमध्ये एकदा त्यांनी बर्फाचा विषय काढला. ध्रुवावरचं बर्फ वितळलं की त्याची पाण्यावरची ओढ कमी होते, म्हणून तिथला समुद्र उतरतो आणि दूरचा चढतो, हे इतक्या तावातावाने समजावलं की एक बाई गाव यायच्या आधीच उतरून पायी चालू लागल्या.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, अकोल्याला शेतकी शिकायला आलेला कोकणातला मुलगा पसंत केला. घर समुद्राला लागून, मागे नारळाची बाग. मुलाचे वडील एवढ्या लांबून बोलणी करायला आले, पोह्यांची बशी हातात घेतली, आणि आमच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमच्याकडची जमीन बसून राहिली का? जमीन खचली तरी समुद्र घरात येते." आपली बाग बुडीत ठरवली असं समजून ते पोहे तसेच ठेवून निघून गेले. भाचीने बापाशी बोलणं टाकलं.

मी अमरावतीला राहतो, मला अकोल्याला बोलावून घेतलं. दुकानात जाऊन मी त्यांची यथेच्छ खरडपट्टी काढली. पोरीच्या संसारापेक्षा तुमचं ज्ञान मोठं का, असंही विचारलं. ते साडीची घडी घालत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "साडभाऊ, तिले पोहता येत नाही."

मी साडीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं कोकणात गेलो. त्यांनी होणाऱ्या व्याह्यांची हात जोडून माफी मागितली. व्याही भला माणूस, त्याने आम्हाला बाग दाखवली. बागेच्या टोकाला समुद्र होता. साडभाऊ चपला हातात धरून उभे राहिले आणि पहिल्यांदाच काही समजावून न सांगता परत फिरले.

लग्न झालं. आता संध्याकाळी दुकानातून मुलीला फोन लावतात. तिची खुशाली विचारणं त्यांना जमत नाही. "पानी कुठवर आलं, माय?" एवढंच विचारतात. "तिथंच आहे, बाबा. जेवले का तुमी?" असं तिकडून येतं. जेवल्याचं सांगून झालं तरी फोन कानाशीच असतो. समोर गिऱ्हाईक साडी उलगडून ताटकळतं, आणि कधी मी तिथे असलो तरी त्यांना हटकत नाही.